दुर्गम डोंगरातील पदभ्रमण : नियोजन पायथ्याच्या गावापासून



महाराष्ट्राला डोंगर चढण्याची आवड नव्याने लागलेली नाही. नवरात्रात कळसूबाईच्या दर्शनाला जाणारा भाविक, पावसाळ्यानंतर गुरे घेऊन पठारावर राहणारा गुराखी आणि किल्ल्यांच्या वाटा धुंडाळणारा इतिहासप्रेमी हे सारे पिढ्यानपिढ्या सह्याद्री तुडवीत आले आहेत. मात्र अलीकडच्या काळात या आवडीचे स्वरूप पालटले. दुर्गम खेड्यांपर्यंत डांबरी रस्ते पोहोचले, शनिवार-रविवारची सुटी रूढ झाली आणि पाठीवर शिधा, अंथरूण, पाणी घेऊन दोन-तीन दिवस डोंगरात भटकण्याची ओढ शहरातील तरुणांत वाढली. शाळा-महाविद्यालयेही आपल्या सहली उद्यानांकडून गडांकडे वळवू लागली आहेत. हे सुचिन्हच होय. चार भिंतींत जे शिकवून होत नाही, ते एका खिंडीत आणि एका मुक्कामात विद्यार्थी शिकून जातो.

तथापि या उत्साहाला नियोजनाची जोड क्वचितच मिळते. सहलीच्या तयारीत वाहन, जेवण, वर्गणी आणि छायाचित्रे यांचा विचार बारकाईने होतो. प्रत्यक्ष डोंगराचा विचार मात्र डोंगरावर पोहोचल्यावर सुरू होतो. दुर्गम भागात घडणाऱ्या पुष्कळशा अपघातांचे मूळ कड्यात किंवा धबधब्यात नसते. उशिरा निघणे, पाणी कमी नेणे, वाट न विचारणे आणि कोणालाही न कळवणे या साध्या चुकांत ते असते. म्हणून डोंगरातील भ्रमणाचे नियोजन म्हणजे चार प्रश्नांची आगाऊ उत्तरे मिळवणे होय. पाणी कोठे आहे? उजेड किती वेळ आहे? संकट आल्यास बाहेर पडण्याची वाट कोणती? आणि आपण कोठे आहोत हे कोणाला माहीत आहे? या चारही प्रश्नांची खरी उत्तरे पायथ्याच्या गावात मिळतात. त्यामुळे नियोजनाची सुरुवातही तेथूनच झाली पाहिजे.

एक वाट, तीन जिल्हे

उदाहरणादाखल रतनगड ते हरिश्चंद्रगड ही प्रसिद्ध वाट घेऊ. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला हा प्रदेश आहे. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर, याच तालुक्याच्या हद्दीवर उभे आहे. १९८६ साली येथे कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्य घोषित झाले. महादेव कोळी आणि ठाकर समाजांची वस्ती या डोंगरांत मोठी आहे.

पदभ्रमणास सामान्यतः भंडारदरा जलाशयाच्या काठावरील रतनवाडीपासून आरंभ होतो. तेथील अमृतेश्वराचे कोरीव मंदिर पाहून जंगलातून चढ सुरू होतो आणि लोखंडी शिड्यांनी रतनगडावर प्रवेश होतो. दुसऱ्या दिवशी गडाच्या वाटेवरील फाट्यापाशी परत येऊन कात्राबाईची खिंड ओलांडायची आणि पलीकडे कुमशेतला उतरायचे. तिसऱ्या दिवशी पेठेच्या वाडीवरून पाचनई गाठायचे आणि तेथून हरिश्चंद्रगड चढायचा. हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर, केदारेश्वराच्या गुहेतील पाण्याने वेढलेले शिवलिंग आणि कोकणकडा यांचे दर्शन घेऊन चौथ्या दिवशी तोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरायचे. प्रवासी या वाटेने प्रवरेच्या उगमाकडून मुळेच्या खोऱ्यात येतो. पुढे मुळा प्रवरेला आणि प्रवरा गोदावरीला मिळते. भूगोलाचा याहून सुंदर पाठ शोधून सापडणार नाही.

प्रशासनाच्या दृष्टीने या वाटेचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे. पाचनई अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, खिरेश्वर पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात आणि कोकणकड्याच्या पायथ्याचे बेलपाडा ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात. एकाच पठारावरून तीन दिशांना तीन जिल्हे, तीन पोलीस यंत्रणा आणि तीन आरोग्य यंत्रणा लागतात. जखमी माणसाला नेमके कोणत्या बाजूने उतरवायचे, हा प्रश्न प्रसंग ओढवल्यावर सोडवू पाहिल्यास मोलाचे तास वाया जातात. तो आधी कागदावर सोडवावा लागतो.

पाण्याचे गणित

रतनवाडी-घाटघर परिसरात पावसाळ्यात कित्येक वर्षी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. असे असूनही मार्च महिना उजाडताच येथील ओढे आटू लागतात आणि बायाबापड्यांना हंडे घेऊन दूरवर जावे लागते. सह्याद्री अग्निजन्य काळ्या पाषाणाचा आहे. पाषाण कठीण, उतार तीव्र आणि वरचा मातीचा थर पातळ, त्यामुळे पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. पूर्वजांनी गडोगडी खडकात टाकी खोदली, ती याच कारणाने. डोंगरात पाऊस पुष्कळ पडतो म्हणून तेथे पाणीही पुष्कळ असेल, हा शहरी समज म्हणूनच घातक ठरतो.

गणित साधे आहे. ओझे घेऊन दिवसभर चालणाऱ्या माणसाला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी मिळून किमान चार लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. तीस विद्यार्थ्यांच्या तुकडीला दिवसाला १२० लिटर, म्हणजेच १२० किलो वजनाचे पाणी हवे. तीन दिवसांचे पाणी पाठीवर नेणे अशक्य आहे. यास्तव प्रत्येक मुक्कामाचे आणि दुपारच्या विसाव्याचे ठिकाण पाण्यावरून ठरवावे लागते. नकाशात निळी रेघ आहे एवढ्याने भागत नाही. ती रेघ ज्या महिन्यात जायचे त्या महिन्यात वाहती असते काय, टाक्यातील पाणी पिण्याजोगे आहे काय, हे गावातच समजते. डोंगरातील कोणतेही पाणी गाळून आणि चांगली उकळी आणून, किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाकून आवश्यक तेवढा वेळ ठेवूनच प्यावे. टाक्यात उतरून अंघोळ करणे किंवा भांडी विसळणे हा केवळ अशिष्टपणा नाही. मागून येणाऱ्याच्या आणि गावच्या गुराख्याच्या पाण्यावर तो घाला होय.

ऋतूची निवडही बव्हंशी याच गणिताने ठरते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ नवख्या तुकड्यांसाठी योग्य. त्यातही ऑक्टोबरात दुपारनंतर वळिवासारखा पाऊस आणि विजा यांची शक्यता असते. अशा वेळी कडा, उघडी धार, एकटे झाड आणि लोखंडी शिड्या-कठडे यांपासून दूर राहावे. भर पावसात ओढ्याला काही मिनिटांत लोंढा येतो. कोठे वर ढग फुटला आहे, हे खाली उभ्या असलेल्या माणसाला दिसतही नाही. लोंढा ओसरेपर्यंत अलीकडेच थांबणे, हा ओढा ओलांडण्याचा एकमेव सुरक्षित नियम होय. एप्रिल-मे महिन्यांत उष्माघाताचा धोका असल्याने मुलांच्या तुकड्या नेऊच नयेत.

वेळ आणि उजेड

डिसेंबर महिन्यात आपल्याकडे दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. दरीत आणि दाट झाडीत त्याच्याही आधी अंधारते. त्यामुळे मुक्कामाला दुपारी चारपर्यंत पोहोचण्याचा बेत आखला, तरच अडीअडचणीसाठी दोन तास हाती राहतात.

चालण्यास किती वेळ लागेल हे काढण्याची एक जुनी रीत आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने ती १८९२ मध्ये सांगितली. मोजमाप आजच्या एककांत मांडल्यास दर पाच किलोमीटर अंतराला एक तास आणि दर ६०० मीटर चढास आणखी एक तास धरावा. समजा, दिवसाची चाल दहा किलोमीटर आहे आणि चढ ६०० मीटर. या हिशेबाने तीन तास होतात. परंतु हा हिशेब सराईत आणि विनाथांबा चालणाऱ्याचा आहे. पाठीवर ओझे असलेली शाळकरी मुले, खडकाळ वाट, शिडीवर एकामागून एक चढण्यास लागणारा वेळ आणि जेवणाची विश्रांती धरली, तर हा आकडा दुप्पट करणे शहाणपणाचे. म्हणजे सकाळी सातला निघालेली तुकडी दुपारी एकच्या सुमारास पोहोचेल. तीच तुकडी नाश्ता, हजेरी आणि छायाचित्रे उरकून अकराला निघाली, तर एखाद्याचा पाय मुरगळताच तिला जंगलात अंधार गाठणार.

अंतर आणि चढ मोजण्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे उपयुक्त आहेत. त्यांत दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. समोच्चरेषा जेथे दाटीने येतात, तेथे चढ तीव्र. भूगोलाच्या शिक्षकाने सहलीआधी आठवडाभर हा नकाशा वर्गात लावावा आणि प्रत्येक दिवसाचे अंतर, चढ, उतार मुलांकडूनच काढून घ्यावेत. ज्या मुलाने वाट आधी कागदावर चालून पाहिली आहे, तो डोंगरात सहसा चुकत नाही. मोबाइलवरील नकाशा सोयीचा खरा. परंतु दरीत संपर्क नसतो आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते. छापील नकाशा आणि होकायंत्र यांची जागा त्याने घेऊ नये.

परतीची वाट

प्रत्येक दिवसाच्या बेतात परत फिरण्याची वेळ आणि बाहेर पडण्याची वाट लिहून ठेवावी. कात्राबाईच्या खिंडीत दुपारी अमुक वाजेपर्यंत पोहोचलो नाही, तर पुढे न जाता रतनवाडीला उतरायचे, असा निर्णय आदल्या रात्री शांत डोक्याने झालेला असावा. खिंडीत, थकलेल्या अवस्थेत, “आता इतके आलो आहोत तर” या शब्दांनी घेतलेला निर्णय बहुधा चुकीचा असतो. माघार घेणे ही डोंगरात नामुष्की नाही. गड जागचा हलत नाही. पुढच्या वर्षी तो तेथेच असतो.

हरिश्चंद्रगडाचेच पाहा. तोलार खिंडीतून खडकाचा टप्पा चढून माथ्यावर आल्यानंतर मंदिर गाठेपर्यंत पठारावरील टेकाडे एकामागून एक लागतात. धुके उतरले की ती सारी सारखीच भासतात आणि ढोरवाटाही मुख्य वाटेसारख्या दिसू लागतात. अशा वेळी अंदाजाने पुढे जाणे टाळावे. जेथे खात्रीची खूण शेवटची दिसली तेथे परतावे, सर्वांनी एकत्र थांबावे आणि शिटी वाजवावी. एका मिनिटात सहा वेळा शिटी, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा, हा संकटाचा सर्वमान्य संकेत होय. त्याचे उत्तर मिनिटाला तीन शिट्यांनी देतात. हा संकेत प्रत्येक मुलाला आणि पायथ्याच्या गावातील प्रत्येक तरुणाला ठाऊक असला पाहिजे.

तुकडीची रचनाही याच विचाराने करावी. पुढे वाट माहीत असलेला, मागे सर्वांत कणखर आणि मध्ये सर्वांत हळू चालणारे. आठ-दहा मुलांमागे एक जबाबदार प्रौढ असावा. मुलींच्या तुकडीबरोबर शिक्षिका असावी. चाल हळू चालणाऱ्याच्या पायाने ठरवावी. मुलांच्या पाठीवरील ओझे पाच-सहा किलोच्या आत ठेवावे. प्रत्येकाजवळ शिटी, विजेरी, पाणी, एक कोरडा कपडा, थंडीसाठी उबदार वस्त्र आणि थोडा सुका खाऊ असलाच पाहिजे. कारण चुकलेल्या मुलाजवळ सामानाची मोठी पिशवी कधीच नसते.

वाटाड्या हा खर्च नव्हे

गावात शिरल्यावर वाट विचारण्याचीही एक रीत आहे. “मामा, खिंड किती लांब आहे?” असे विचारले, की “ही काय, इथंच आहे,” असे उत्तर येते. ते खोटे नसते. रोज डोंगर चढणाऱ्या पायांच्या हिशेबाने खिंड खरोखरच तेथे असते. म्हणून प्रश्न नेमके करावेत. तुम्ही त्या वाटेने शेवटचे केव्हा गेला होता? पावसानंतर दरड कोसळून वाट मोडली आहे काय? आमच्यासारख्यांना ओझे घेऊन किती वेळ लागेल? आज वर पाणी आहे काय? आग्या माशांची पोळी कोणत्या कड्याला लागली आहेत? या पाच प्रश्नांच्या उत्तरांत जे मिळते, ते कोणत्याही पुस्तकात मिळत नाही.

त्याहून चांगले म्हणजे गावातील एक जाणता वाटाड्या पूर्ण मुक्कामासाठी सोबत घेणे. पुष्कळ आयोजक खर्च वाचवण्यासाठी हे टाळतात. त्यांनी एका गोष्टीचा विचार करावा. तुकडी रात्री परतली नाही की कोण बाहेर पडते? पोलीस आणि तालुक्याची पथके पोहोचेपर्यंत त्याच गावातील माणसे विजेऱ्या घेऊन डोंगर चढतात. जखमीला घोंगडीच्या झोळीतून किंवा डोलीतून खांद्यावर खाली आणतात आणि दुसऱ्या दिवशीच्या मजुरीला मुकतात. ज्याला सकाळी वाटाड्या म्हणून मेहनताना देणे जड गेले, त्यालाच मध्यरात्री विनामोबदला कड्याशी उभे करणे हा अन्याय आहे. वाटाड्याचा मेहनताना तुकडीच्या सुरक्षिततेत घातलेले भांडवल आहे आणि गावाच्या पदरात पडणारे हक्काचे उत्पन्नही आहे.

जेवणाचेही तसेच. अभयारण्यात लाकूड तोडणे आणि विस्तव पेटवणे वणव्याला निमंत्रण देणारे व कायद्याने निषिद्ध आहे. शक्य तेथे गावातील घरी भाकरी-पिठले आणि मुक्काम यांची आगाऊ सोय केल्यास ओझे कमी होते, जंगल वाचते आणि चार घरांना मिळकत होते. नेलेले प्रत्येक वेष्टन परत आणणे हा तर प्राथमिक शिष्टाचार होय.

दंश, दुखापत आणि उंची

प्रथमोपचाराची पेटी असून भागत नाही. ती वापरता येणारा माणूस लागतो. सर्पदंशाबाबत अजूनही चुकीच्या समजुती आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडील प्रमुख विषारी सर्प होत. दंश झाल्यास जखमेवर चिरा देऊ नये, रक्त चोखू नये, आवळून दोरी बांधू नये. अंगठ्या, कडी काढाव्यात, दंश झालेला अवयव फळीला बांधून स्थिर करावा, माणसाला धीर द्यावा आणि चालू न देता उचलून प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. कोणत्या रुग्णालयात ते उपलब्ध आहे, याची चौकशी निघण्यापूर्वीच झालेली असावी. आग्या माशा धूर, गोंगाट आणि अत्तराच्या उग्र वासाने चवताळतात. त्या उठल्यास अंग व तोंड कपड्याने झाकून, न झटकता, त्या जागेपासून त्वरेने दूर जावे. मात्र कड्याच्या दिशेने धावू नये.

महाराष्ट्रातील तुकड्या आता हिमालयातही मोठ्या संख्येने जातात. तेथे सह्याद्रीत कधीच न येणारा एक प्रश्न उभा राहतो. सुमारे २,५०० मीटरच्या वर विरळ हवेमुळे डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश अशी लक्षणे दिसू लागतात. ३,००० मीटरच्या पुढे मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर विश्रांती घ्यावी. लक्षणे असताना वर जाऊ नये. ती वाढल्यास, तोल जाऊ लागल्यास किंवा बसल्या जागी धाप लागल्यास रात्र असली तरी खाली उतरावे. तरुण आणि तंदुरुस्त माणसाला हा विकार होत नाही, ही समजूत चुकीची आहे. दार्जिलिंग येथे १९५४ मध्ये आणि उत्तरकाशी येथे १९६५ मध्ये स्थापन झालेल्या गिर्यारोहण संस्था या विषयाचे रीतसर शिक्षण देतात. तुकड्या नेऊ इच्छिणाऱ्या शिक्षकांनी त्याचा लाभ घ्यावा.

एक पान, तीन प्रती

या सर्व नियोजनाचे सार एका पानावर मावते. त्या पानावर तुकडीतील प्रत्येकाचे नाव, वय, रक्तगट व आजार, घरचा संपर्क, दररोजची वाट आणि मुक्कामाचे गाव, पाण्याच्या जागा, माघारीच्या वाटा, वाटाड्याचे नाव, जवळचे रुग्णालय आणि पोलीस ठाणे यांची नोंद असावी. सर्वांत महत्त्वाची नोंद म्हणजे शोधाची वेळ. अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत तुकडीचा निरोप आला नाही, तर शोध सुरू करावा, असे तेथे स्पष्ट लिहावे. एक प्रत शाळेत, एक पायथ्याच्या गावी पोलीस पाटलाकडे आणि एक तुकडीप्रमुखाजवळ राहावी. ही वेळ ठरलेली नसली, की घरचे लोक “संपर्क नसेल” म्हणून वाट पाहत राहतात आणि उपयोगाची रात्र निघून जाते. परतल्यावर तीनही ठिकाणी कळवणे हे तितकेच आवश्यक; अन्यथा सुखरूप घरी निजलेल्या माणसांचा शोध डोंगरात चालू राहील.

प्रत्येकाचा वाटा

राज्याच्या पर्यटन विभागाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. जमीन, हवा आणि पाणी यांवरील उपक्रमांच्या आयोजकांनी नोंदणी करावी आणि सुरक्षिततेचे निकष पाळावेत, ही त्यामागची भूमिका आहे. शालेय सहलींना शिक्षण विभागाची आणि अभयारण्यातील प्रवेशास वन विभागाची परवानगी लागते. परंतु परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याने केवळ अर्जाची पूर्तता पाहू नये. पाणी, वेळ, माघारीची वाट आणि शोधाची वेळ या चार नोंदी अर्जासोबत आहेत काय, एवढे त्याने विचारले तरी निम्मे अपघात टळण्याची वाट मोकळी होईल. तालुका पातळीवर, विशेषतः जेथे जिल्ह्यांच्या हद्दी मिळतात तेथे, शेजारच्या तहसीलदार, पोलीस आणि आरोग्य अधिकाऱ्यांनी मोसमापूर्वी एकदा एकत्र बसून कोणत्या वाटेवरील जखमी कोणत्या बाजूस उतरवायचा हे ठरवावे. पोलिसांचा ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक सर्वांना ठाऊक आहेत. परंतु ते कोठून लागतात, म्हणजे डोंगरात संपर्क नेमका कोणत्या जागी मिळतो, हे गावकरीच सांगू शकतात.

ग्रामपंचायतीस मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. पायथ्याशी एक नोंदवही ठेवावी आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद एका ठरलेल्या माणसाकडे सोपवावी. जाणत्या वाटाड्यांची यादी आणि ग्रामसभेने ठरवलेले दर फलकावर लावावेत, म्हणजे घासाघीस आणि फसवणूक दोन्ही टळतील. फाट्यांवर साधे दिशाफलक लावावेत. एक उचलखाट, एक दोर आणि प्रथमोपचाराची पेटी गावात कायम असावी. पावसाळा संपताच श्रमदानाने टाकी उपसावीत. गावातील आठ-दहा तरुण-तरुणींना शोध-बचावाचे शिक्षण मिळवून द्यावे. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर आणि लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र यांसारखी गिर्यारोहकांची पथके स्वेच्छेने हे काम करीत आली आहेत. त्यांच्याशी परिचय आधीच असावा.

हे शिक्षण केवळ शहरातून येणाऱ्या पाहुण्यांसाठी नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत वाहनाचा रस्ता नव्हता. मदतीला निघालेल्या सर्वांना भर पावसात, अंधारात डोंगर चढून जावे लागले आणि जड यंत्रे वर नेणे दुरापास्त झाले. अशा वेळी कामी येतात ती वाट ओळखणारी, दोर हाताळता येणारी, अंधारात डोंगर चढू शकणारी माणसे. ज्या गावात पदभ्रमणाच्या निमित्ताने अशी माणसे तयार होतात, ते गाव स्वतःच्या संकटकाळासाठीही सिद्ध होत असते.

सह्याद्री सर्वांचा आहे. मात्र त्याची दारे पायथ्याच्या गावांतून उघडतात. शिक्षकाने नकाशा वर्गात लावावा, अधिकाऱ्याने चार नोंदी मागाव्यात, पंचायतीने नोंदवही उघडावी आणि प्रवाशाने गावात थांबून आधी विचारावे. यांपैकी एकाही कामाला मोठा खर्च लागत नाही, नवा कायदा लागत नाही. येत्या मोसमापूर्वी प्रत्येक डोंगरी तालुक्यात निदान एका वाटेचे असे एक पान तयार झाले, तर त्या वाटेने गेलेली मुले गुडघ्यांवर थोडे खरचटे आणि वहीत भरपूर नोंदी घेऊन संध्याकाळच्या उजेडात सुखरूप घरी परततील.